खरी कमाई की घरची कमाई? मुलांच्या हाती माल देऊन निधी जमवण्याविषयी



दिवाळीच्या तोंडावर आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांमधून एक हंगाम येतो. स्काऊट-गाईडचं शिबिर असतं, कब-बुलबुलचा मेळावा असतो, लेझीम पथकाला नवे गणवेश हवे असतात, कबड्डीचा संघ जिल्ह्याला जायचा असतो. पैसे कमी पडतात. मग शिक्षकखोलीत कुणीतरी सुचवतं, "मुलांना काहीतरी विकायला देऊ या." पणत्या, उटण्याच्या पुड्या, अगरबत्ती, आकाशकंदील, भेटकार्डं, नव्या वर्षाची कॅलेंडरं. एखादा पुरवठादार आपणहून शाळेत येतो, नमुने ठेवून जातो आणि म्हणतो, "सर, पैसे आत्ता नकोत. विकून झाल्यावर द्या." ऐकायला छान वाटतं. मुलं चार लोकांशी बोलायला शिकतील, पैशाची किंमत कळेल, वर पथकाला निधी मिळेल.

यातलं थोडंफार खरंही आहे, त्याकडे पुढे येतेच. पण या पद्धतीत मूल बहुतेक वेळा कमावत नाही. मुलाच्या तोंडाकडे पाहून घरचे आणि शेजारचे नको असलेली वस्तू विकत घेतात, आणि त्या पैशातला मोठा वाटा पथकाकडे न येता माल पुरवणाऱ्याकडे जातो. ही माझी तक्रार आहे. ती नुसती बोलून उपयोग नाही, म्हणून आधी हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या शाळेतले घालून पाहा.

आधी हिशेब

स्काऊटचं एक पथक, मुलं ३२. कॅलेंडर विकायचं ठरलं. पुरवठादाराचा दर ४२ रुपये, विक्रीची किंमत ६० रुपये. प्रत्येकाला १० कॅलेंडरं. म्हणजे ३२० नग. सगळे खपले तर विक्री १९,२०० रुपयांची. पुरवठादाराचे १३,४४० वजा केले की ५,७६० रुपये उरतात. मुलामागे १८० रुपये. बैठकीत हाच आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि सगळे माना डोलावतात.

आता जे खरोखर घडतं ते धरू. चाळीस कॅलेंडरं खपत नाहीत. काहींचे कोपरे दप्तरात दुमडलेले असतात, काही १० जानेवारीनंतर कुणी घेत नाही (जुनं कॅलेंडर आणि उतरलेला हार, दोन्हीला गिऱ्हाईक नाही). पुरवठादार परत घ्यायला तयार नसतो, कारण तसं लेखी काही ठरलेलं नसतं. विक्री झाली २८० नगांची, म्हणजे १६,८०० रुपये. मालाचे १३,४४० द्यावेच लागले. उरले ३,३६०. त्यातून माल आणायला रिक्षा-टेम्पोचे ६०० गेले. "सर्वाधिक विक्री" करणाऱ्या तिघांना बक्षिसं, ५०० रुपये. हातात राहिले २,२६०. मुलामागे सत्तर रुपये.

आणि ती २८० कॅलेंडरं घेतली कुणी? सरासरी चार तर घरातच घेतली गेली असं धरा. एक भिंतीला, एक आजीकडे, एक मामाकडे, एक कपाटात. म्हणजे प्रत्येक घरातून २४० रुपये बाहेर पडले. शेजारी आणि नातेवाइकांचे वेगळेच. पथकाला मात्र मुलामागे मिळाले ७०. त्याच पालकांकडे "शिबिरासाठी शंभर रुपये द्या" असं सरळ मागितलं असतं तर घराचे १४० रुपये वाचले असते आणि पथकाला तीस रुपये जास्त मिळाले असते.

यात शिक्षकाचा वेळ धरलेलाच नाही. माल मोजून घ्या, वाटा, यादी करा, रोज पहिल्या तासाला कुणी किती आणले ते लिहा, चिल्लर मोजा, फाटकी नोट बदलून आणा, हरवलेल्या नगांचा निकाल लावा. तीन आठवडे हे चालतं. शेवटी दोनेकशे रुपयांचा मेळ बसत नाही आणि वर्गशिक्षिका ते गुपचूप पर्समधून घालते. हे आपल्यापैकी पुष्कळांनी केलेलं आहे, पण कुठल्याही अहवालात ते सापडणार नाही.

स्वयंपाकघरातून कारखान्यात

मुलांनी वस्तू विकून निधी जमवण्याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्सची बिस्किटं, तिकडच्या भाषेत कुकीज. आपल्यापैकी ज्यांची भावंडं, पुतणे-भाचे न्यू जर्सी-टेक्सासकडे आहेत, त्यांना हे माहीत असेल. जानेवारी उजाडला की तिथल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअॅप गटांतही "आमच्या छोटीकडून कुकीज घ्या" असे निरोप फिरू लागतात. या बिस्किटांचा शंभर वर्षांचा प्रवास बघण्यासारखा आहे, कारण आपण आज जिथे उभे आहोत ती वाट पुढे कुठे जाते ते त्यात दिसतं.

ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात मुलींची ही संघटना सुरू केली. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या एका तुकडीने बिस्किटं भाजली आणि शाळेच्या उपाहारगृहात विकली. मुलींनी स्वतः, आयांच्या मदतीने, घरच्या भट्टीत. १९२२ च्या जुलै महिन्यात संघटनेच्या 'द अमेरिकन गर्ल' या मासिकात फ्लॉरेन्स नील नावाच्या शिकागोच्या कार्यकर्तीने बिस्किटांची कृती छापली आणि सोबत खर्चाचा अंदाजही दिला. सहा ते सात डझन बिस्किटांना सामान २६ ते ३६ सेंटचं, आणि विकायची २५ ते ३० सेंट डझनाने.

हा हिशेब आपल्या सातवी-आठवीच्या मुलांना घालण्यासारखा आहे. सगळ्यात वाईट बाजू धरू. सामान ३६ सेंटचं लागलं, बिस्किटं सहाच डझन झाली आणि ती २५ सेंट डझनानेच गेली. विक्री १५० सेंट, खर्च ३६, उरले ११४. म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रत्येक रुपयातले पंचाहत्तर पैशांहून जास्त तुकडीकडे. चांगली बाजू धरली तर पंच्याऐंशी पैशांच्याही वर.

पुढे मागणी वाढली. १९३० च्या दशकात व्यावसायिक बेकऱ्यांकडून माल घेण्याची पद्धत सुरू झाली आणि मग संघटनेने बेकऱ्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. आज परवाना असलेले कारखाने दोनच आहेत आणि एका हंगामात साधारण २० कोटी पुडे विकले जातात. अलीकडच्या वर्षांत एका पुड्याची किंमत पुष्कळ ठिकाणी ५ ते ६ डॉलर आहे. त्यातला प्रत्यक्ष विकणाऱ्या मुलींच्या तुकडीच्या हाती येणारा वाटा साधारण एका डॉलरच्या आसपास, अनेक ठिकाणी त्याहूनही कमी. बाकीचा पैसा कारखान्याकडे आणि त्या भागातल्या संघटनेच्या कार्यालयाकडे जातो. कार्यालयाचा वाटा वाया जातो असं म्हणणं अन्यायाचं होईल, त्यातून शिबिराच्या जागा, प्रशिक्षण, गरीब मुलींना मदत अशी कामं चालतात. पण दारात उभी असलेली मुलगी "आमच्या सहलीसाठी" म्हणते तेव्हा घेणाऱ्याच्या मनात सगळा पैसा सहलीलाच जातो असं असतं.

जेव्हा मुलींनी पीठ मळलं होतं तेव्हा तीन चतुर्थांश पैसा त्यांचा होता. कारखान्याने पीठ मळायला घेतल्यावर साधारण सहावा हिस्सा त्यांच्याकडे राहिला. मूल मात्र दोन्ही वेळी दारात तेवढाच वेळ उभं राहिलं.

आणखी एक गोष्ट. करोनाच्या साथीत, २०२१ च्या हंगामानंतर, तिथे सुमारे दीड कोटी पुडे न खपता पडून राहिले. बहुतेक कारखान्यांकडे होते, पण काही लाख पुडे स्थानिक संघटनांच्या गळ्यात आले. मालाची नोंदणी आधी करायची आणि गिऱ्हाईक नंतर शोधायचं, या धंद्यातली जोखीम ही अशी असते. जो धंदा करतो त्याने ती घ्यावी, पण इथे ती मुलांच्या संस्थेवर येते.

माल कोण बनवतं हाही प्रश्न आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने डिसेंबर २०२० मध्ये इंडोनेशिया आणि मलेशियातल्या पामतेलाच्या मळ्यांतल्या बालमजुरीविषयी वृत्त दिलं आणि तिथल्या तेलाचा धागा या बिस्किटांपर्यंत जोडून दाखवला. शाळेचं किंवा पथकाचं नाव मालाला जोडलं की लोक त्यावर विश्वास ठेवतात, लेबल वाचत नाहीत. आपण पुरवठादाराला दर विचारतो, कमिशन विचारतो. ही अगरबत्ती कुणी वळली, हे रंग त्वचेला चालतात का, या उटण्यात काय आहे, हे किती जण विचारतात?

विकतं कोण?

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. मुलांना दहा-दहा नग दिले की चार दिवसांत ते कुठे असतात? बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत. किंवा आईच्या भिशीच्या गटावर फोटो म्हणून. "मुलांना व्यवहार कळावा" म्हणून काढलेल्या उपक्रमातला व्यवहार बाबा जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकतात आणि मूल सोमवारी पाकीट आणून देतं. त्या मुलाने काय शिकलं, मला तरी सांगता येत नाही.

ज्याच्या घरी असं ऑफिस नाही, त्याचं काय होतं ते वर्गात दिसतं. एका मुलाचे वडील बँकेत, चाळीस सहकारी, त्याचे दहा नग दोन दिवसांत खपले आणि तो आणखी वीस मागायला येतो. दुसऱ्या मुलीची आई चार घरी धुणीभांडी करते. ती कुणाला विकणार? ज्या बाईंकडे कामाला जाते त्यांना. म्हणजे मालकिणीकडे आपल्याच पगाराच्या जागी "घ्या ना" म्हणून हात पसरायचा. नाहीतर सगळे नग तसेच परत आणायचे, आणि तेही जमलं नाही तर स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे. मग शनिवारी परिपाठात बँकेतल्या साहेबांच्या मुलाला "उत्कृष्ट विक्रेता" म्हणून टाळ्या मिळतात. सगळ्या वर्गाला कळलेलं असतं की या टाळ्या कशाच्या आहेत.

एका शाळेत तर विक्रीचा तक्ताच फलकावर लावलेला पाहिला. नावापुढे आकडे, आणि शून्य असलेल्या नावांखाली लाल रेघ. हेतू उत्तेजन देण्याचाच असेल. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घातलेली आहे, आणि वस्तू विकली नाही म्हणून मुलाचं नाव लाल शाईने फलकावर जाणं हे त्या बंदीच्या अलीकडे बसतं की पलीकडे, याचा विचार मुख्याध्यापकांनी जरूर करावा.

पालकांची अवघड अवस्था निराळी. शिक्षक हा आपल्या मुलाचा शिक्षक असतो. त्याने पाठवलेली वस्तू नाकारणं म्हणजे उगाच वाईटपणा घेणं, असं पालकांना वाटतं. आपण कितीही "ऐच्छिक आहे" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ते ऐच्छिक वाटत नाही. शेजाऱ्यांचंही तसंच. एकाच सोसायटीत तीन शाळांची मुलं असली की पाटीलकाकूंच्या दारात तीन वेळा उटणं येतं. पहिल्याकडून कौतुकाने घेतलं जातं, दुसऱ्याकडून नाइलाजाने, तिसऱ्याला "आई घरी नाही" असं सांगितलं जातं. आणि पुढच्या महिन्यात खरंच एखाद्या मुलाच्या औषधपाण्यासाठी मदत मागायची वेळ आली की काकू म्हणतात, "आत्ताच तर दिवाळीला दिले ना शाळेला." त्यांच्या लेखी साठ रुपये शाळेला दिलेले असतात. शाळेला आलेले असतात सात-आठ.

सोडतीची कुपनं याच हंगामात फिरतात. त्याबद्दल इतकंच की सरकारी परवानगीशिवाय सोडत काढणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं, आणि मुलांना जुगाराची पहिली पावती शाळेने फाडून द्यावी हे मला पटत नाही.

दारोदार

सुरक्षिततेचा मुद्दा काढला की "आपल्याकडे सगळे ओळखीचेच असतात" असं उत्तर येतं. १९९७ मध्ये न्यू जर्सीत अकरा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या निधीसाठी घरोघर वस्तू विकायला बाहेर पडला. तो ज्या वस्तीत फिरत होता तिथल्याच एका घरात त्याचा खून झाला. त्यानंतर अमेरिकेत मुलांना एकटं दारोदार पाठवण्याविषयी खूप चर्चा झाली, आणि आज तिकडे पुष्कळ विक्री दुकानाबाहेर टेबल मांडून, मोठ्या माणसाच्या सोबतीने होते.

आपल्या गावात असं होणार नाही असं धरून चाललं तरी पाचवीतल्या मुलीच्या हातात आठशे रुपये रोख आहेत, संध्याकाळ झालेली आहे आणि ती अनोळखी इमारतीच्या लिफ्टमध्ये आहे, हे चित्र कुठल्याही निधीसाठी मान्य करण्यासारखं नाही. कुत्रं, रस्ता, हरवलेले पैसे, त्या हरवलेल्या पैशांची घरी सांगायची भीती, हे सगळं यात येतं.

पण विक्रीतून मुलं शिकतात ना?

शिकतात, जर खरोखर त्यांनीच सगळं केलं तर. बालआनंद मेळाव्यात चौथीतला मुलगा लिंबूसरबताचा गाळा मांडतो, साखर जास्त पडली म्हणून दर वाढवतो, शेजारच्या गाळ्याने दर पाडल्यावर चिडतो आणि शेवटी उरलेलं सरबत मित्रांना फुकट वाटतो, तेव्हा त्याला नफा-तोटा हे प्रकरण पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा चांगलं कळतं. माझा विरोध याला नाही. तिथे वस्तू मुलाची, दर मुलाचा, चूकही मुलाची. शाळेच्या आवारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, एका दुपारीपुरतं.

फक्त तिथेही हिशेब खरा लिहायला हवा. "खर्च शून्य, विक्री ४५० रुपये, नफा ४५० रुपये" असं मुलं लिहितात आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो. साबुदाणा घरातला, तेल घरातलं, गॅस घरातला, आणि पहाटे पाचला उठून वडे तळले आईने. हे सगळं शून्य रुपयांत बसतं? मुलाला सामानाची किंमत आईला विचारून लिहायला लावा. आईच्या तीन तासांपुढे निदान "३ तास, मोबदला दिला नाही" इतकं तरी लिहायला लावा. ही एक ओळ पुष्कळ काही शिकवते.

भारत स्काऊट आणि गाईड चळवळीत 'खरी कमाई' हा शब्द जुना आहे. त्याचा अर्थ स्वतःच्या अंगमेहनतीने मिळवलेला पैसा. अशीच कल्पना ब्रिटनमध्ये १९४९ पासून 'बॉब-अ-जॉब' नावाने चालत होती. बॉब म्हणजे बोलीभाषेत शिलिंग. मुलं शेजाऱ्यांची बाग साफ करत, गाडी धूत, बूट पुसत आणि एका कामाचा एक शिलिंग घेत. तो उपक्रमही पुढे १९९० च्या दशकात सुरक्षिततेच्या काळजीने बंद पडला, म्हणजे श्रमाच्या वाटेवरही विचार करावा लागतोच. पण त्यात निदान शिलिंग देणाऱ्याला स्वच्छ बाग मिळत होती आणि तो शिलिंग मुलांच्या श्रमाचा होता. आपल्याकडे खरी कमाईच्या नावाखाली हळूहळू तयार माल शिरला. नाव तेच राहिलं आणि कमाई दुसऱ्याची झाली.

मग पैसे आणायचे कुठून?

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवायची गरज नाही. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, त्या पैसा फंडात प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा होता. बदल्यात काही वस्तू नाही. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरचं मूठभर धान्य गोळा करणारा मुष्टिफंड आणि मुलांनी शेतात, बांधकामावर राबून शिकायचं अशी 'कमवा आणि शिका' योजना, दोन्ही त्या परंपरेतल्या. देणाऱ्याने सरळ द्यावं किंवा घेणाऱ्याने श्रम करावेत. मध्ये दलाल नाही.

सात डिसेंबरचा ध्वजदिनही आठवा. १९४९ पासून सैनिकांच्या कल्याणासाठी हा निधी गोळा होतो. छातीवर लावायला इवलासा कागदी ध्वज मिळतो, ती फक्त दिल्याची खूण. त्याची किंमत नगण्य असल्यामुळे डब्यात पडलेलं जवळजवळ सगळं निधीत जातं.

पहिला उपाय सरळ मागण्याचा. पालकसभेत खर्चाचा कागद मांडायचा: शिबिराचा खर्च इतका, शाळेकडून इतके, कमी पडतात इतके. मग प्रत्येक मुलाबरोबर एकसारखं बंद पाकीट घरी पाठवायचं. त्यात कुणी दोनशे घालेल, कुणी वीस, कुणी रिकामं परत पाठवेल. पाकिटावर नाव नाही, म्हणजे वर्गात तुलना नाही. ज्यांना पावती हवी ते कार्यालयात येऊन देतील. जमा आणि खर्च दोन्ही फलकावर लावायचे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हा विषय त्यांच्यासमोर ठेवला की "शाळा पैसे मागते" ही कुजबुज अर्धी कमी होते.

दुसरा उपाय रद्दीचा. महिन्यातल्या एका रविवारी, पालकांच्या सोबतीने, जुनी वर्तमानपत्रं आणि वह्या गोळा करायच्या. वरच्याच ३२ मुलांचा हिशेब घेऊ. एका मुलाने चार घरांतून पाच-पाच किलो आणली तर २० किलो, सगळ्यांची ६४० किलो. किलोला १२ रुपये धरले तर ७,६८० रुपये. टेम्पोचे ६०० गेले तरी ७,०८० उरतात. कॅलेंडरातून उरले होते २,२६०. कुणाच्या खिशातून एक रुपया गेला नाही, उलट घराघरांतला माळा मोकळा झाला. मुलांनी ओझी उचलायची नाहीत, गठ्ठे बांधायचे आणि वजनकाट्यावर आकडा वाचायचा. काटा वाचायला आणि वजन लिहून घ्यायला मुलं इतकी उत्सुक असतात की विचारू नका. रद्दीवाल्याशी दराची घासाघीस मात्र एखाद्या आजोबांकडे सोपवावी.

तिसरा, ज्याचा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो: खर्च कमी करणं. स्काऊटच्या नियमांतला आठवा नियम काटकसरीचा आहे. शिबिराला एकाच रंगाचे छापील टी-शर्ट हवेतच का? जेवण बाहेरच्या आचाऱ्याकडूनच का, संघवार स्वयंपाक हा तर शिबिराचा मुख्य भाग. एसटीच्या साध्या गाडीने गेलं तर? कॅलेंडर विकून मिळालेले २,२६० रुपये काही वेळा नुसते टी-शर्ट रद्द करूनच सुटतात.

आणि ठरलंच असेल विकायचं, तर एवढं तरी करा. न खपलेला माल परत घेण्याचं पुरवठादाराकडून लेखी घ्या. वस्तूवर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर छापा: "यातले इतके रुपये पथकाला मिळतात." घेणाऱ्याला तेवढेच पैसे वस्तू न घेता देण्याची मोकळीक असू द्या. मुलांवर नगांचं लक्ष्य नको, बक्षीस नको, फलकावर नावं नकोत. विक्री शाळेच्या दारात टेबल मांडून, शिक्षक आणि दोन पालक हजर असताना. त्या चिठ्ठीवर आकडा छापायला पुरवठादार किंवा आपण स्वतःच कां कूं करू लागलो, तर त्यातून काय ते समजून घ्यावं.

वर्गात करून पाहा

इयत्ता सातवी-आठवीसाठी, शेकडेवारी किंवा नफा-तोटा शिकवताना, एक तासिका पुरते. मुलांचे चार-चारचे गट करा आणि वरच्या कॅलेंडरचे आकडे फळ्यावर लिहा. पुढचे प्रश्न गटांना द्या.

१. सगळी कॅलेंडरं खपली तर एकूण विक्रीतले किती टक्के पथकाला मिळतात?

२. चाळीस नग न खपता, टेम्पो आणि बक्षिसांचा खर्च वजा करून, किती टक्के मिळतात? पहिल्या उत्तराशी तुलना करा.

३. पथकाला तोटा होऊ नये यासाठी किमान किती कॅलेंडरं खपायला हवीत? (टेम्पो आणि बक्षिसांचा खर्च धरून काढा.)

४. १९२२ च्या बिस्किटांचं सामान ३० सेंटचं आणि सात डझन बिस्किटं २५ सेंट डझनाने, तर शेकडा किती उरतात?

५. आपल्या पथकाला ५,००० रुपये हवे आहेत. पैसे जमवण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती निवडा. प्रत्येकीत लोकांच्या खिशातून एकूण किती रुपये बाहेर पडतील आणि किती तास कुणाचे जातील, याचा तक्ता करा.

पडताळ्यासाठी उत्तरं: पहिल्याचं ३० टक्के. दुसऱ्याचं सुमारे साडेतेरा टक्के. तिसऱ्यात एकूण खर्च १४,५४० रुपये होतो, ६० ने भागल्यावर २४२ पूर्ण आणि थोडं जास्त येतं, म्हणून २४३ कॅलेंडरं. इथे पुष्कळ मुलं २४२ लिहितात, त्यावर चर्चा घ्या. चौथ्याचं सुमारे ८३ टक्के. पाचव्याला एक उत्तर नाही. त्यातला "कुणाचे तास" हा रकाना भरताना मुलांना घरी विचारायला लावा आणि तक्ते पुढच्या पालकसभेत भिंतीवर लावा.